मोठ्या माणसांच्या ऑनलाइन गेमिंगच्या व्यसनाचा त्यांच्या विचार करण्याच्या पद्धतीशी संबंध असतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमान ३६ वर्षांचे आहेत, नोकरी नीट चालू आहे, पण रोज रात्री दोन-तीन वाजेपर्यंत मित्रांबरोबर बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळतात. बोलायला गेलं की "गेमच तर आहे, दारू थोडीच पितोय" म्हणतात. मी समुपदेशक आहे आणि अशी तिशी-चाळिशीतली माणसं माझ्याकडे येतात, म्हणून लिहितेय.

व्यसन आहे की नाही, हे नुसत्या तासांवरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात बघतात ते असं: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही. तेही साधारण बारा महिने, आणि घर, काम, नाती यांवर ठळक परिणाम होईल इतकं. त्यामुळे नोकरी टिकून आहे म्हणून व्यसन नाही, किंवा जागरण होतं म्हणून आहेच, असं दोन्ही म्हणता येणार नाही.

आता विचारांचं. ऑस्ट्रेलियातल्या डॅनियल किंग आणि पॉल डेलफॅब्रो या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये तोवरचे अभ्यास चाळून गेमिंगच्या व्यसनाशी जोडलेले विचार चार गटांत मांडले: गेममधल्या बक्षिसांना दिलेलं अवास्तव मोल, खेळण्याविषयी स्वतःच घालून घेतलेले ताठर नियम, स्वतःची किंमत गेमवरून ठरवणं, आणि लोकांत स्थान मिळवायचं साधन म्हणून गेमकडे बघणं. वाचायला पुस्तकी वाटतं, पण घरात तुम्ही हे रोज ऐकत असाल. "आता सोडलं तर एवढी मेहनत पाण्यात." "ऑफिसात कोण विचारतंय, इथे चार जण माझं ऐकतात." "मी नसलो तर स्क्वॉड (गेममधली टीम) हरतो."

यातला सगळ्यात चिवट गट नियमांचा. "हरून फोन खाली ठेवायचा नाही" हा नियम कुणी सांगितलेला नसतो. पण तो एकदा डोक्यात बसला की हरल्यावर खेळावंच लागतं, आणि जिंकल्यावर "आज हात बसलाय" म्हणून खेळलं जातं. उठायची वेळ अशी येतच नाही. तुम्हाला हट्ट वाटतो, त्यांना ते कर्तव्यासारखं वाटत असतं.

आणि हे विचार निव्वळ खोटे नसतात, खरी अडचण तिथे आहे. मॅच अर्धवट सोडली की साथीदार खरंच अडकतात. सीझन बदलला की चढवलेलं टियर (गेममधली श्रेणी) खरंच खाली येतं. रोजची हजेरी चुकली की रिवॉर्ड खरंच बुडतं. माणूस परत यावा म्हणूनच हे असं रचलेलं असतं. त्यामुळे "काय मूर्खपणा लावलाय" म्हटलं की तुम्हालाच काही कळत नाही असं त्यांना वाटतं, कारण गेमच्या आत त्यांचं बरोबर असतं. घोळ होतो तो पुढच्या पायरीवर. रिवॉर्ड बुडेल, इथपर्यंत ठीक. पण ते बुडलं तर मला सहन होणार नाही, मित्र तोडतील, मी कुणीच उरणार नाही, हे कधी तपासलेलंच नसतं.

मात्र सगळा दोष विचारांवर टाकू नका. यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांकडून एकाच वेळी प्रश्नावल्या भरून घेतलेल्या असतात. त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. उदासी किंवा कामावरची घुसमट आधीपासून असते आणि गेम त्यावरचा उतारा होतो, असंही पुष्कळदा असतं. म्हणून "गेम नसता तर रात्री अकरानंतर काय वाटलं असतं?" हे मी हटकून विचारते. उत्तरात गेम क्वचितच येतो.

मॅच चालू असताना हा विषय काढू नका, आणि वायफाय तर मुळीच बंद करू नका. सुट्टीच्या दिवशी सकाळी बोला. ते तयार असतील तर सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायच्या उपचारपद्धतीतला एक नेहमीचा प्रयोग सुचवा: एखाद्या रात्री अकराला उठायचं ठरवायचं, आणि उठलो तर काय होईल ते आधीच कागदावर लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ताडून बघायचं. "स्क्वॉडमधून काढतील" असं लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा "काल कुठे होतास?" एवढाच मेसेज आलेला असतो. बायकोने शंभरदा सांगून पटत नाही ते असं पटतं. सगळ्यांनाच पटतं असं नाही.

पैसे लावून रमी वगैरे चालू असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे "गेलेले काढतो, मग बंद" आणि "थोडक्यात हुकलं, म्हणजे आता लागणार" हे विचार माणसाला कर्जात नेतात. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे ऑनलाइन खेळ बंद केलेत, पण ज्याला सवय आहे तो वाट शोधतो. बँकेचं स्टेटमेंट आणि कर्जाची ॲप्स बघा, आणि तसं काही आढळलं तर घरगुती प्रयोगांत न अडकता थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत खास गेम, मोबाइल यांच्या व्यसनासाठी २०१४ पासून 'शट' क्लिनिक आहे. यजमान तयार नसले तरी टेली-मानसला तुम्ही एकट्याने फोन केलात तरी चालेल.