टीईटीचा राग लेकीच्या अर्जावर काढू नका

ताई,

परळच्या अनुदानित शाळेत एकवीस वर्षं शिकवल्यावर तुम्ही लिहिता, 'लेकीला या पेशात पाठवणार नाही. डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या) अर्जाची मुदत संपेपर्यंत तिचा दाखला मी कपाटात कुलूपबंद ठेवलाय.' तिचे बारावीचे ७४ टक्के, तुमचा लॉचा आग्रह, यावर नंतर बोलू. आधी तो दाखला बाहेर काढा, आजच. चौथीचा वर्ग इतकी वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना हे मी सांगावं लागू नये.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून शाळेत नेता, मुलांनी पाहू नये म्हणून. हे वाचून मला फार वाईट वाटलं. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असेल, तर दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हा. तुमची बारा वर्षं उरलीत. राग मी समजू शकतो, पण तो निघतोय मुलीवर.

'वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण केलंय, मग टीईटी कशाला?' हा गैरसमज बऱ्याच शिक्षकांचा आहे. बारा वर्षांच्या सेवेनंतरचं ते प्रशिक्षण वेतनश्रेणीसाठी असतं. टीईटीचं मूळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३मध्ये आहे; त्यानुसार किमान पात्रता ठरवताना एनसीटीईने (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने) २३ ऑगस्ट २०१०च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी लागू केली. राष्ट्रीय शिक्षण धोरणातलं वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण ही आणखी वेगळी गोष्ट. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. माझं मत विचाराल तर, नोकरीत शिरतानाची पात्रता या कायद्याने काटेकोर बांधली. शिरल्यावर शिक्षकाने शिकत राहायला वेळ कुठून काढायचा, ते मोघमच राहिलं. उलट त्याच कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना जनगणना आणि निवडणुकीच्या कामांना जुंपायची मोकळीक ठेवली. भांडायचं तर यावर भांडा, संघटनेच्या बैठकीत उभं राहून बोला.

लेकीची वाट सरळ आहे: डी.एल.एड., टीईटी, भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ. बी.एड.वर पहिली-पाचवीला शिकवता येईल ही आशा सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३च्या निकालाने संपली. जागा कमी निघतात, थांबावं लागतं, हे तिला जरूर सांगा. पण ती पात्रता घेऊनच नोकरीत शिरेल, तेव्हा तुमच्यावरची ही वेळ तिच्यावर येणार नाही.

आणि तुमचा टीईटीचा पेपर एक: १५० प्रश्न, खुल्या प्रवर्गाला ९० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातले ३० प्रश्न बालमानसशास्त्राचे. तेच तिला डी.एल.एड.ला शिकायचंय. रात्री एकाच टेबलावर बसा, ती तुमचे प्रश्न काढेल. अर्जाची मुदत मात्र आधी पाहा.