ट्रॅकवर न्यायचीय गाडी? मग आधी ब्रेक ऑइल बदला

या महिन्यात गाडी रेसिंगच्या ट्रॅकवर नेण्याबद्दल बरीच पत्रं आलीत, त्यातली तीन घेतोय. तिघांचे प्रश्न वेगळे आहेत, पण पहिल्या दोघांना तरी माझं सांगणं शेवटी एकाच गोष्टीपाशी येतं, ती म्हणजे उष्णता. रोजच्या रस्त्यावर गाडीला दोन-पाच सेकंद जोर काढावा लागतो आणि मग सिग्नल येतो, ट्रॅकवर तसं नाही, तिथे वीस मिनिटं सलग सगळं तापत राहतं.

प्रश्न : दादा, मी पुण्यात बाणेरला राहतो. दिवाळीत २०१७ ची सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २३० घेतली, ६२ हजार किमी झालीय. मित्रांबरोबर चेन्नईला ट्रॅक डेला, म्हणजे आपापली गाडी रेस ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला, जायचं ठरतंय. दीड लाख बाजूला काढलेत. ट्यूनर म्हणतो स्टेज वन रिमॅप मार, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदल, पॉवर २३० वरून तीनशे पीएसच्या (हॉर्सपॉवरच्या) आसपास जाईल. मारू का? की आधी दुसरं काही करू?

भावा, रिमॅप आत्ता नको. २३० पीएस पहिल्या ट्रॅक डेला पुरून उरतात, खरं सांगतो. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, कॉर्नरमधून बाहेर पडताना आत्ताच आतलं चाक जागच्या जागी फिरायला बघतं आणि एक्सडीएस ही गाडीतली इलेक्ट्रॉनिक सिस्टीम त्या चाकाला ब्रेक लावून ते सावरते, म्हणजे तू ब्रेकवर पाय ठेवलेला नसतानाही पुढचे पॅड तापतच असतात. त्यात अजून सत्तर पीएस ओतलेस तर स्ट्रेटच्या शेवटी स्पीड वाढेल आणि तो स्पीड कमी करायचं काम त्याच पॅडवर येईल.

एक हिशोब सांगतो. तू धरून गाडी साधारण १५०० किलो. १८० वरून ८० ला आणायची म्हणजे तीन-साडेतीन सेकंदात जवळपास पंधरा लाख ज्यूल ऊर्जा काढून टाकायची, तेवढ्या ऊर्जेत साडेचार लिटर गार पाण्याला उकळी येते. यातली बहुतेक चार डिस्कमध्ये जाते, त्यातही जास्त पुढच्या दोनमध्ये, आणि ती निवायच्या आत पुढचा कॉर्नर येतो. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किमीचा आहे, १२ कॉर्नर, तेव्हा एका लॅपमध्ये किती वेळा ब्रेक मारशील ते तूच मोज.

म्हणून पहिला खर्च ब्रेक ऑइलचा, आणि हा सगळ्यात स्वस्त आहे. नवीन डॉट ४ ऑइल निदान २३० डिग्रीपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ वर येतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, त्यात आधीच्या मालकाने कधी बदललं देव जाणे. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. रेसिंगचं ऑइल ३०० च्या पुढे उकळतं, ते घाल, चारही कॅलिपर नीट ब्लीड करून घे, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा पूर्ण बाहेर काढून घे, आणि स्वतः तिथे उभा राहा.

उभा राहा का म्हणतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर मी सर्व्हिसिंगवरून आणलेली गाडी तशीच घेऊन गेलो, बिलात ब्रेक ऑइल बदलल्याचं लिहिलेलं होतं, मी झाकण उघडून पाहिलं नाही. तिसऱ्या सेशनला मेन स्ट्रेटच्या शेवटी पेडल दाबलं तर ओल्या स्पंजावर पाय पडावा तसा नुसता आत गेला. दोन-तीनदा भराभर पंप केलं तेव्हा थोडं पकडलं, तोवर गाडी मातीत गेलेली. मला काही झालं नाही, गाडीलाही विशेष नाही. पण पिटमध्ये येऊन ब्लीड केलं तर नळीतून बाटलीत उतरलं ते चहाच्या रंगाचं ऑइल, नवीन ऑइल फिकट पिवळं असतं. तो रंग मी अजून विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून बिलावर विसंबत नाही.

दुसरा खर्च पॅडचा. पूर्ण रेसचे पॅड घेऊ नकोस, ते गार असताना पकडत नाहीत आणि तुला त्याच गाडीतून हजार-बाराशे किलोमीटर परत पुण्याला यायचंय, सकाळी सहाला हायवेवर कुत्रं आडवं आलं तर? रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे मधले पॅड मिळतात, थोडे किंचाळतात, चाकं काळी करतात, ते चालवून घे. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक मार, पूर्ण थांबू नकोस, मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरव. ही पायरी चुकवलीस तर नवे पॅडही पहिल्याच सेशनला दगा देतील.

तिसरे टायर. आधी साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघ, २३१७ असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा, म्हणजे कितीही नक्षी शिल्लक असली तरी तो टायर ट्रॅकला नको. चांगले रोड टायर घे, सेमी स्लिक, म्हणजे जवळजवळ रेसिंगचे टायर, पुढच्या वर्षी, कारण रोड टायर सुटायच्या आधी ओरडून सांगतो आणि शिकणाऱ्याला ते ऐकू यायला हवं. हवा टायर गार असताना नाही, सेशनवरून आल्या आल्या चेक कर, सहा-आठ पीएसआय वाढलेली असते, ती थोडी थोडी कमी करायची. किती, ते कळायला टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी खडूने आडव्या रेघा मार. पाच लॅपनी बघ, रेघ साइडवॉलपर्यंत पुसली असेल तर हवा कमी पडतेय, ट्रेडच्या कडेलाही पोचली नसेल तर जास्त आहे. खडू पाच रुपयाचा.

इंजिन ऑइल आणि फिल्टर नवीन कर. ६२ हजार झालेत म्हणजे डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल ६० हजारला बदललंय का ते सर्व्हिस हिस्ट्रीत शोध, नसेल तर तेही. डिस्प्लेवर ऑइल टेंपरेचर दिसतं ते लावून ठेव, १३० च्या जवळ गेलं की लाज न बाळगता पिटमध्ये ये. शेवटचा लॅप सावकाश मारायचा, ब्रेक शक्यतो न लावता, आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, गिअर पार्कमध्ये टाकून चाकाला दगडाची ओट लाव. चाकाचे बोल्ट गार झाल्यावर १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने परत घट्ट कर.

हे सगळं मिळून दीड लाखात बसायला हरकत नाही आणि काही उरतील, त्यात ट्रॅकवरचा इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून दोन सेशन कर. माझ्या मते लॅप टाइम सगळ्यात जास्त तिथेच कमी होतो. आणि इन्शुरन्सची पॉलिसी उघडून वाच, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग त्यातून वगळलेलं असतं. ट्रॅकवर जे मोडेल ते खिशातून, हे धरूनच नीघ.

प्रश्न : नमस्कार, मी मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत सॅन होजेला असते. १९९६ ची मिआटा, माझदाची उघडी टू सीटर, घेतलीय, १.८ इंजिन, फक्त ट्रॅकसाठी. इथे सगळे म्हणतात टर्बो किट लाव, १३३ हॉर्सपॉवरमध्ये इथल्या लगुना सेका ट्रॅकचा चढ जात नाही. तुमचं मत?

ताई, गाडी फार छान निवडलीत. हजार-पन्नास किलोची गाडी, ब्रेक आणि टायर दोन्ही जपून वापरते, वरच्या दीड टनाच्या गाडीपेक्षा इथे शिकायला निम्म्या पैशात मिळेल.

टर्बोच्या आधी बॉनेट उघडा आणि रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी बघा. मुळात काळी असते, म्हातारी झाली की तपकिरी, हिरवट पडते, तशी दिसली तर ती कधी तडकेल सांगता येत नाही. अॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर घाला, सगळे होज बदला. दुसरं, हे इंजिन मूळ आडवं बसवायच्या गाड्यांसाठी बनलेलं, मिआटात ते उभं बसवलं तेव्हा कूलंट पुढूनच आत जातं आणि पुढूनच बाहेर पडतं, त्यामुळे सगळ्यात मागचं चौथं सिलिंडर जास्त तापतं. त्यासाठी कूलंट रीरूटचं किट मिळतं, कूलंट मागून बाहेर काढतात. ते न करता टर्बो लावला तर उष्णता वाढणार आणि आधी जाणार ते चौथंच.

त्याच्याही आधी रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा सीटमागचा लोखंडी पाइप, कारण गाडी उघडी आहे, बऱ्याच ट्रॅक डेवाले त्याशिवाय आत सोडत नाहीत. तो बसवल्यावर हेल्मेट घालून सीटवर बसा आणि कुणाला तरी झाडूचा दांडा रोल बारच्या माथ्यावरून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत आडवा धरायला सांगा, तुमचं हेल्मेट त्या दांड्याच्या खाली राहायला हवं, दोन इंच असेल तर उत्तम. लागत असेल तर सीटचा फोम काढा, उंच माणसांना तसंच करावं लागतं.

चढाचं म्हणाल तर तिथे गाडी मागे पडणारच, पण पुढे कॉर्कस्क्रू नावाच्या उताराच्या वळणाला १८ मीटर खाली उतरायचंय, तिथे पॉवरचा काही उपयोग नाही, नजर पुढे असलेली बरी. आणि लगुना सेकाला आवाजाची मर्यादा फार कडक आहे, बऱ्याच दिवशी ९०-९२ डेसिबल. त्यामुळे मोकळा एक्झॉस्ट तर लावूच नका, आवाज जास्त भरला तर तुमचा दिवस दुपारीच संपेल.

प्रश्न : मी नाशिकहून लिहिते. मिस्टरांना ट्रॅकची आवड आहे, माझी तक्रार नाही. पण आता ते गाडीत रोल केज (आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा) आणि चार पट्ट्यांचा हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट) बसवणार आहेत, सामान आलंय. त्याच गाडीतून मी मुलीला शाळेतून आणते. मी उगाच घाबरते आहे का?

वहिनी, अजिबात उगाच नाही.

केजचा पाइप हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतो. रोज चालवताना डोक्यावर हेल्मेट नसतं, आणि साधी धडक बसली तरी डोकं बाजूला, मागे फेकलं जातं, तिथे इंचभरावर लोखंडी पाइप असेल तर फोम गुंडाळून फार फरक पडत नाही, तो फोमसुद्धा हेल्मेटसाठीचा कडक असतो. शिवाय खिडकीच्या बाजूने उघडणाऱ्या कर्टन एअरबॅगची जागा अडते, आणि मागे मुलगी बसते तिथेही पाइप येतात.

हार्नेसचं वेगळं. चार पट्ट्यांत पायांमधला पट्टा नसतो, धडकेत खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात आणि माणूस त्याखालून सरकतो, तो पट्टा मग थेट पोटावर. सहा पट्ट्यांचा घ्यायचा तर त्याला खालून भोक असलेली रेसिंग सीट हवी, सोबत मान धरणारं हान्स हवं, म्हणजे एकातून दुसरं वाढतच जातं. कंपनीच्या तीन पॉइंट बेल्टला धडकेत तो घट्ट ओढणारा प्रीटेन्शनर असतो, तो एअरबॅगबरोबर काम करतो, ट्रॅक डेच्या पहिल्या एक-दोन वर्षांना तो, चांगलं फुल फेस हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे पुरतात. फायर एक्स्टिंग्विशर मात्र घ्या, मेटल ब्रॅकेटने बोल्ट करून, सीटखाली नुसता लोळत नको.

कायद्याचंही बघा, कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय, आणि मोटार वाहन कायद्यात मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे.

मिस्टरांना हे पान वाचायला द्या. त्यांना केज हवाच असेल तर एखादी जुनी, स्वस्त गाडी फक्त ट्रॅकसाठी घ्यायची आणि ट्रकवर टाकून न्यायची, मग त्यात हवं ते बसवू देत. आणि सामान अजून खोक्यात असेल तर दुकानदार परत घेतोय का, ते आजच फोन करून विचारा.