व्हिनाइल कटिंग छंद म्हणून सुरू करायचं आहे, कोणतं मशीन घेऊ?

तुमचा प्रश्न असा: जालन्याला राहता, मुलांचे डबे, पाण्याच्या बाटल्या, दारावरचं नाव असं काहीबाही घरच्या घरी व्हिनाइल, म्हणजे मागे गोंद असलेला पातळ रंगीत प्लास्टिकचा पत्रा, कापून करायचं आहे, धंदा करायचा नाही, तर मशीन कोणतं घ्यावं?

ताई, मशीन आत्ता घेऊच नका. आधी जवळच्या रेडियमवाल्याकडे जा. आपल्याकडे दुकानात 'व्हिनाइल' म्हटलं तर समोरचा नुसता बघत राहतो, 'रेडियम' म्हटलं की लगेच कळतं. खरं तर रेडियम म्हणजे ऊसाच्या ट्रॉलीमागे लावतात तो, रात्री उजेड पडला की चमकणारा कागद. पण बोलण्यात साधं रंगीत व्हिनाइलही रेडियमच. रोल कापून उरलेल्या पट्ट्या त्याच्याकडे कोपऱ्यात पडलेल्या असतात, त्या स्वस्तात मागून आणा. मी परभणीत ज्याच्याकडे जायचो, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर, पहले हात बैठाव. मशीन क्या, बाद में भी आती."

हात बसवायचा म्हणजे काय, तर पेन-कटर, स्टीलची पट्टी आणि खाली कटिंग मॅट. वरचं व्हिनाइल कापलं गेलं पाहिजे, खालच्या कागदाला नुसता ओरखडा. दुकानात याला हाफ कट म्हणतात. दहा-बारा चौकोन कापले की दाब किती द्यायचा ते बोटांना कळतं. पुढे मशीनमध्येही हेच करायचं असतं. नवशिके ब्लेड भरपूर बाहेर काढून ठेवतात. मग खालचा कागदही कापला जातो आणि पातं लवकर बोथट होतं. पातं होल्डरच्या बाहेर इतकंच हवं की जेमतेम दिसेल. आणि दर वेळी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून, सोलून बघायचा. रंग बदलला, रोल बदलला तरी.

आता खरी अडचण सांगतो, जी इंग्रजी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. माझं पहिलं मोठं काम म्हणजे गेटवर लावायचं 'आईची सावली'. स्क्रीनवर अक्षरं सुरेख दिसत होती. मशीननं कापलं, मी जादा व्हिनाइल सोलायला घेतलं, तर शिरोरेखा तुकड्यातुकड्यांनी निघायला लागली. 'ची'ची वेलांटी वेगळी, काना वेगळा. झालं असं होतं, की देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेखा घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. आपल्या डोळ्याला एक सलग रेघ दिसते. मशीनला ते एकमेकांवर पडलेले वेगवेगळे आकार दिसतात आणि ते प्रत्येकाची कड इमानदारीनं कापतं.

उपाय सोपा आहे. इंकस्केप हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या. मजकूर लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, ग्रुप सोडवा, सगळी अक्षरं निवडून 'युनियन' द्या. कोरलड्रॉ सॉफ्टवेअर वापरणारे याला 'वेल्ड' म्हणतात. नंतर 'व्ह्यू'मध्ये जाऊन नुसत्या कडा बघा. अक्षराच्या पोटातून एकही आडवी-उभी रेघ गेलेली दिसता कामा नये. फॉन्ट जाड घ्या. 'मुक्ता' आणि 'बालू' दोन्ही फुकट मिळतात, दोन्हींत जाड वजनं आहेत. बारीक, वळणदार फॉन्ट लग्नपत्रिकेत शोभतात, पण सोलताना त्यांची टोकं फाटतात.

सोलणं, म्हणजे वीडिंग, हे निम्मं काम. जादा व्हिनाइल वर उचलून ओढू नका. मागच्या मागे दुमडून, कागदाला जवळजवळ चिकटून, हळू ओढा. चिमटा आणि शिवणाची सुई पुरते. अनुस्वाराकडे लक्ष ठेवा. तो टिंब जादा व्हिनाइलबरोबर कधी निघून जातो कळतही नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या दुकानाचं 'मंगल' असंच 'मगल' होऊन चिकटलं, आणि ते त्यांच्या आधी गिऱ्हाइकाला दिसलं.

मशीन कधी घ्यायचं? महिनाभर हातानं केलंत आणि कंटाळा आला नाही तर. घरगुती कामाला क्रिकट किंवा सिल्हूट या कंपन्यांची मशीनं बरी. सिल्हूटचं कॅमिओ १२ इंच रुंद, पोर्ट्रेट ८ इंच; क्रिकट जॉय जेमतेम साडेचार इंच, डब्याबाटल्यांना पुरते. क्रिकटला अकाउंट उघडावं लागतं. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करत बसू नका, इंकस्केपमधून तयार आकारच न्या. दोन फुटी चिनी प्लॉटर, म्हणजे मोठं कटिंग मशीन, दुकानाला ठीक. घरात जागा खातो आणि आवाजही करतो. लाइट जाण्याचं काय ते आधी बघा. अर्ध्या कटिंगमध्ये वीज गेली की मशीनची जागा चुकते आणि तो तुकडा वाया. मी छोटा यूपीएस लावला आहे.

ओळखीच्या कुणाकडे लेझर मशीन असेल तर त्यावर व्हिनाइल टाकू नका. ते पीव्हीसी असतं, जळताना हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. फुप्फुसालाही वाईट, मशीनलाही.

साहित्यात दोन गोष्टी. बाहेरच्या कामाला, बाटलीला ओराकल ब्रँडच्या ६५१ सारखं कायम चिकटणारं. घरातल्या भिंतीला ६३१ सारखं, निघू शकणारं. पण चुन्याच्या किंवा पावडर सुटणाऱ्या भिंतीवर काहीच टिकत नाही. टी-शर्टचं व्हिनाइल निराळं. ते इस्त्रीनं बसतं आणि उलटं, म्हणजे आरशातल्यासारखं, कापावं लागतं. हे विसरून आमच्या गणेश मंडळाचा एक शर्ट आम्ही पुसायला वापरला.

चिकटवताना पृष्ठभाग स्पिरिटनं पुसा, वर ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून जागच्या जागी बसवणारी चिकटपट्टी) लावा, जुन्या एटीएम कार्डानं घासा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेरचं काम अजिबात नको. पारा ४२ ला गेला की लोखंडी पत्रा असा तापतो की व्हिनाइल टेकल्याबरोबर धरतं, तिरकं बसलं तर सुटत नाही, ताणलं तर लांबतं. सकाळी करा, आणि पाण्यात थेंबभर शाम्पू घालून आधी फवारा मारा म्हणजे सरकवता येतं. बाटलीला मात्र चिकटवल्यावर दिवसभर तरी पाणी लावू नका.

एक जपून. तुमच्याकडे मशीन आहे हे कळलं की भाचे-पुतणे गाडीच्या नंबरपाटीवर '४१४१'चं 'दादा' करून द्या म्हणून येतील. नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून हाय सिक्युरिटी पाटी सक्तीची आहे, जुन्यांनाही बसवायला लावली आहे. सरळ नाही म्हणा.

सुरुवात दारावरच्या नावानं करू नका. डब्यावरचं नाव घ्या, तीन-चार अक्षरांचं. मुलीचं नाव आनंदी असेल, म्हणजे अनुस्वार आलाच, तर धाकट्याचा डबा आधी.