गाडी सत्तर देतली म्हणाले, मिळतात पंचेचाळीस

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. ते एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट आहेत, म्हणजे रोज फिरून लोकांची बचत गोळा करतात. जामसंडे, मिठबाव, कुणकेश्वर, तळेबाजार असा त्यांचा रोजचा फेरा, महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी कर्ज काढून नवी मोटरसायकल घेतली. शोरूममधला माणूस म्हणाला, ‘गाडी सत्तर देतली, माका विचारा.’ कोटेशनच्या मागे त्याने पेनाने लिहूनही दिलं, ‘अ‍ॅव्हरेज ६५ ते ७०’. प्रत्यक्षात पंचेचाळीसच्या वर आकडा जात नाही. टाकी १० लिटरची, म्हणजे साडेसहाशे किलोमीटर जायला हवी, पण साडेचारशेच्या पुढे गाडी आचके द्यायला लागते. एकदा ४७० किलोमीटरवर ती पूर्ण बंद पडली, तेव्हा पंपावर १०.६ लिटर पेट्रोल ‘बसलं’. डीलर म्हणतो, पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे असं होतं. वाचक विचारतात: गाडी परत करून पैसे मिळतील का? पोलिसांत फसवणुकीची तक्रार देऊ का? पंपावर केस करू का? आणि तोपर्यंत हप्ते थांबवले तर चालतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणार नाही. हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार तुमच्यात आणि कर्ज देणाऱ्यात आहे. गाडी किती अ‍ॅव्हरेज देते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. दोन-तीन हप्ते चुकले की गाडी ओढून नेण्याची भाषा सुरू होते, सिबिलवर डाग पडतो आणि ग्राहक आयोगात समोरचा वकील पहिलं वाक्य म्हणतो, ‘तक्रारदार स्वतःच थकबाकीदार आहे’. लोकांची बचत गोळा करणाऱ्या माणसाला हे शोभणार नाही आणि परवडणारही नाही.

आता मूळ दुखणं. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत, गाडी पेट्रोल जास्त पिते आणि पंप पेट्रोल कमी घालतो. रागाच्या भरात तुम्ही त्या एकाच वाक्यात लिहिल्या आहेत, पण त्या एकमेकींचा गळा कापतात. पंपाने १०.६ दाखवून १० लिटरच घातलं असं तुम्ही म्हणालात, तर त्याच किलोमीटरला पेट्रोल कमी जळलं असा हिशेब होतो आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज आपोआप वाढतं. साधी वजाबाकी-भागाकार आहे: ४७० किलोमीटरला १०.६ लिटर धरलं तर ४४ येतात, १० धरलं तर ४७. डीलरचा वकील तुमच्याच पंपावरच्या तक्रारीची प्रत काढून दाखवेल, ‘गाडी निर्दोष आहे, माप खोटं होतं.’ म्हणून आधी माप पक्कं करायचं, मग गाडीकडे वळायचं.

१० लिटरच्या टाकीत १०.६ लिटर बसलं म्हणून पंप चोर ठरत नाही. कंपनी टाकीची जी क्षमता छापते ती नाममात्र असते. वर वाफेसाठी आणि उन्हात पेट्रोल फुगतं त्यासाठी जागा सोडलेली असते. तोंडापर्यंत भरलं तर छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त बसतं. निव्वळ या मुद्द्यावर केस उभी करू नका, तारीख पडायच्या आत ती कोसळेल.

त्याऐवजी पंपावर जा आणि पाच लिटरचं माप मागा. वैधमापनशास्त्र विभागाने तपासून शिक्का मारलेलं हे माप पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्याच्यासमोर त्यात पेट्रोल ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून कमी भरलं तर तिथल्या तिथे तक्रार वहीत लिहा, रोख पावती घ्या आणि जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र निरीक्षकाकडे अर्ज द्या. तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो, त्यालाही कळवा. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागता येतो आणि त्या दिवशीच्या घनतेची नोंदही पाहता येते. आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरण्याच्या तक्रारी ऐकायला मिळतात. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी वाढलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. तसं असेल तर गाडी अ‍ॅव्हरेज कमी देऊन थांबत नाही, ती धक्के देते, बंद पडते. तुमचे आचके टाकी संपतानाच येतात असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा तुमच्या बाबतीत मला पाण्याचा संशय वाटत नाही.

माप ठीक निघालं, आणि मला वाटतं ते ठीकच निघेल, तर मग डीलर. त्याने इथेनॉलचं नाव पुढे केलं आहे. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, म्हणजे ई-२० मध्ये, काही घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या बांधणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज दिला होता. तुमची तूट ६५ वरून ४५, म्हणजे तीस टक्क्यांच्या वर आहे. शिवाय त्याने ६५ ते ७० लिहून दिलं तेव्हाही पंपावर हेच पेट्रोल मिळत होतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं तो आयोगापुढे म्हणणार आहे का? मात्र इथेनॉलच्या धोरणाविरुद्ध भांडायला जाऊ नका. ई-२० विरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली आहे.

कंपनीविरुद्ध तुमची बाजू कमकुवत आहे, हे स्पष्ट सांगतो. माहितीपत्रकातला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. एकच स्वार, ठरलेला वेग, ना चढ ना खड्डा. त्यावर चांदणी असते आणि खाली बारीक अक्षरात ‘प्रमाणित चाचणी परिस्थितीत’ असं छापलेलं असतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा आणि मूळ दाव्याला छेद देणारा नसावा. तुमच्याकडचं माहितीपत्रक त्या नजरेने एकदा बघा. मुद्दा निघाला तर जोडू, पण तोच धरून बसण्यात अर्थ नाही.

तुमचा खरा दस्तऐवज आहे तो कोटेशनच्या पाठीवरचा. डीलरचा शिक्का, तारीख आणि त्याच्या माणसाच्या हातचं ‘६५ ते ७०’. त्यात चांदणी नाही, बारीक अक्षर नाही, प्रयोगशाळा नाही. देवगडच्या माणसाला देवगडच्या रस्त्यावर चालवायला विकलेल्या गाडीबद्दल केलेलं ते विधान आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. पुरेशी चाचणी न करता मालाच्या कामगिरीची हमी देणं त्यात येतं. तक्रारीचा पाया हाच ठेवा. काही जण याच कायद्यातल्या ‘उत्पादन दायित्व’ (सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी) नावाच्या प्रकरणाकडे बोट दाखवतील, कारण विक्रेत्याने वेगळी हमी दिली तर तो जबाबदार, असं कलम ८६ म्हणतं. पण त्या प्रकरणासाठी दिलेल्या ‘हानी’च्या व्याख्येतून निव्वळ आर्थिक नुकसान वगळलेलं आहे. तुमचं नुकसान पेट्रोलच्या पैशांचं आहे, तिकडे जाऊ नका. त्या कागदाची झेरॉक्स काढा, मूळ प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा आणि कुणी ‘जरा बघायला’ मागितली तर देऊ नका.

पंचेचाळीसचा पुरावा मात्र अजून तुमच्याकडे नाही. डायरीतल्या नोंदी चांगल्या आहेत, पण त्या तुमच्या एकट्याच्या आहेत. एकाच पंपावर, गाडी मधल्या स्टँडवर लावून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तिथवर भरा. मीटरचा फोटो आणि पावती एकत्र ठेवा. असे ओळीने चार-पाच वेळा केलंत की आकडा बोलायला लागेल. मग डीलरला लेखी कळवा की सर्व्हिस सेंटरमध्ये माझ्यासमोर बाटली लावून चाचणी घ्या. मोजलेलं पेट्रोल छोट्या बाटलीत घेऊन गाडी संपेपर्यंत पळवतात, तीच चाचणी. निकाल जॉब कार्डवर लिहून मागा. त्यांनी नकार दिला तर तो नकारही पुरावाच आहे, फक्त तोंडी घेऊ नका.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की तिसरी सर्व्हिसिंग शोरूममध्ये न करता गावातल्या मेकॅनिककडे केली. समोरचा वकील यावर अर्धा तास बोलेल. खाऱ्या वाऱ्याने चेन गंजते, ब्रेक धरून राहतो, टायरमधली हवा कमी असते, चढ-उताराचे रस्ते, मागे कधी बायको तर कधी तांदळाचं पोतं. यातलं प्रत्येक कारण अ‍ॅव्हरेज खातं हे खरंच आहे. तेव्हा चाचणीआधी एकदा शोरूमचीच सर्व्हिसिंग करून घ्या, बिल ठेवा. त्यानंतरही आकडा पन्नासच्या आत राहिला तर त्यांच्या हातातली बरीच कारणं गळून पडतील.

आयोगापुढे आणखी एक हरकत येईल: ‘गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून हे ग्राहकच नाहीत.’ घाबरू नका. स्वतःच्या रोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू कलम २(७) च्या स्पष्टीकरणानुसार व्यापारी हेतूत धरत नाहीत. कमिशनवर स्वतः गाडी फिरवणारा पिग्मी एजंट त्यात सहज बसतो. तक्रारीत ‘उपजीविकेसाठी’ हा शब्द मात्र आठवणीने घाला.

तक्रार सिंधुदुर्गनगरीला, ओरोसच्या जिल्हा आयोगात होईल. डीलर कुठल्याही तालुक्यातला असो, कंपनी परराज्यातली असो, नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, हे मी वकील असून सांगतो. मुदत दोन वर्षांची आहे, त्यातले चौदा महिने गेले. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. उत्तराची वाट बघत लोक इथेच फसतात. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवस थांबा आणि पुढच्या तयारीला लागा. अर्ज ऑनलाइनही दाखल होतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली तर कधीकधी डीलर तिथेच नरमतो, पैसे लागत नाहीत, करून बघा.

केरळात त्रिशूरच्या जिल्हा आयोगाने २०२२ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात ग्राहकाला सुमारे तीन लाख रुपये मिळवून दिले होते. जाहिरातीत ३२ चा दावा होता, आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने गाडी रस्त्यावर चालवून बघितली तेव्हा १९.६ भरले. हा निकाल ओरोसच्या आयोगावर बंधनकारक नाही, पण सादर जरूर करा. त्यातलं खरं महत्त्वाचं काम त्या तज्ज्ञाने केलं. तुम्हीही तक्रारीबरोबरच तज्ज्ञ नेमण्याचा अर्ज द्या. कलम ३८ मध्ये तपासणीची तरतूद आहे, तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत. कॅलेंडरवर मात्र त्याहून जास्त धरा.

गाडी परत आणि सगळे पैसे परत, ही मागणी मिळण्यासारखी नाही. गाडी चालते, चौदा महिने चालली आहे, इंजिनात दोष सापडलेला नाही. हिशेब असा करा: दीड हजार किलोमीटरला ६५ च्या दराने २३ लिटर लागले असते, ४५ च्या दराने ३३ लागतात. महिन्याला दहा लिटर जादा, म्हणजे हजार रुपयांच्या थोडं वर. चौदा महिन्यांचे पंधरा हजारांच्या आसपास. हे, पुढच्या काही वर्षांच्या जादा खर्चापोटी एक वाजवी रक्कम, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च एवढं मागा. पाच लाख मागणाऱ्या तक्रारीकडे आयोग वेगळ्या नजरेने बघतो.

पोलिसांकडे जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला विकतानाच बेइमानीचा इरादा होता हे दाखवावं लागतं. फुगवून बोलणारा सेल्समन तिथवर क्वचितच पोचतो. ठाण्यात तुम्हाला ‘ग्राहक न्यायालयात जा’ एवढंच ऐकायला मिळेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण लिहिलीत: वाटेत बंद पडू नये म्हणून पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत लिटरभर पेट्रोल भरून ती कलेक्शनच्या बॅगेत ठेवता. ती आजच काढा. पेट्रोलियम कायदा, १९३४ विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय जवळ ठेवू देतो, पण घट्ट बुचाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात एक लिटरपर्यंत, नाहीतर धातूच्या डब्यात. प्लास्टिकचं नावही तिथे नाही. एप्रिलच्या उन्हात कुणकेश्वरच्या चढावर ती बाटली गळली तर लोकांचे पैसे, पावती पुस्तक आणि तुम्ही, तिन्ही धोक्यात येतील, आणि विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळेल. साडेतीनशे किलोमीटर झाले की टाकी भरायची सवय लावा, म्हणजे बाटलीची गरजच उरणार नाही.

नोटिशीचा मसुदा लगेच करू नका. पाच लिटरच्या मापाचा निकाल, सर्व्हिसिंगचं बिल आणि बाटली चाचणीचं जॉब कार्ड हे तीन कागद हाती आले की प्रती पाठवा. डीलरच्या एकट्याच्या नावे नोटीस काढायची की कंपनीलाही त्यात घ्यायचं, ते तेव्हा ठरवू.