‘एकदा केलं की गळ्यात पडतं’

‘माझं काम नाही, मग मी का करू?’ हा प्रश्न नोकरदार माणसं मला वरचेवर विचारतात. कुणी तावातावानं, कुणी जरा ओशाळून. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक अनुभव सांगते.

तिशीतला तरुण. वार्षिक मूल्यमापनात ‘सहकार्याची वृत्ती कमी’ असा शेरा मिळाला होता. स्वतःचं काम चोख, त्यामुळे तो शेरा फारच झोंबलेला. बोलता बोलता प्रिंटरचा विषय निघाला. कागद संपतो, लाल दिवा लुकलुकत राहतो, कागदाचं रिम शेजारच्याच कपाटात असतं. भरायला अर्धं मिनिट पुरे. पण हा जिना चढून वरच्या मजल्यावर प्रिंट काढायला जायचा. बाकीचेही तेच करायचे.

याला आळस कसा म्हणणार? आळशी माणूस जिना चढत नाही.

1968 मधला लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग मी त्याला सांगितला. खोलीत धूर शिरू लागला तेव्हा एकट्या बसलेल्यांपैकी 75 टक्के जणांनी बाहेर जाऊन कळवलं. शेजारी संशोधकांचीच दोन माणसं ढिम्म बसवली, तर फक्त 10 टक्के उठले. त्यावर तो म्हणाला, “पण मॅडम, धूर कळवला म्हणून रोज धुरावर लक्ष ठेवायची ड्युटी लागत नाही ना!”

मुद्दा बिनतोड होता. आधीच्या नोकरीत त्यानं एका बैठकीचं इतिवृत्त आपणहून लिहिलं. मग ते त्याच्याच माथी बसलं, आणि एकदा उशीर झाला तर बोलणीही त्यालाच. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता. अशा माणसाला ‘थोडं मन मोठं कर’ म्हणण्यात काही अर्थ नसतो. त्याची भीती अनुभवातून आलेली असते.

म्हणून आम्ही कामांचीच फोड केली. केलं की संपलं, असं काम असेल तर करून मोकळं व्हायचं. उद्या पुन्हा उभं राहणारं असेल तर करतानाच सगळ्यांदेखत विचारायचं, “आजचं मी लिहितो, पुढच्या वेळी कोण?” हे वाक्य त्यानं माझ्यासमोर म्हणून पाहिलं. आधी भांडण काढल्यासारखं आलं. सहज म्हणता यायला बराच सराव लागला.

कागद तो आता भरतो. नव्या ऑफिसातही इतिवृत्त त्याच्याकडे आलंच. दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यानं साहेबांना पाळी लावायला सांगितलं. साहेब म्हणाले, “बघू.”

सध्या आम्ही या ‘बघू’वर काय बोलायचं, त्यावर काम करतोय.