वाचक विचारतात: वेरूळला एकच दिवस आहे, काय बघू आणि काय सोडू?

प्रश्न: ताई, सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला चाललोय. आम्ही दोघं, दोन मुलं (आठवी आणि पाचवी) आणि सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. ट्रॅव्हल्सवाल्याने एका दिवसाची गाईडसकट टूर दिलीय, सकाळी आठला निघायचं, देवगिरी किल्ला, भद्रा मारुती, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळची लेणी आणि येताना पाणचक्की आणि बीबी का मकबरा. सोमवार की मंगळवार ते कळवा म्हणालाय. होईल ना सगळं?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: मंगळवार आधी खोडून टाका, त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात. (अजिंठा सोमवारी बंद. पुढेमागे तिकडे जायचं झालं तर लक्षात असू द्या.)

आता यादीचं. गाडी सगळीकडे थांबेल, तुम्ही सगळीकडे उतराल, फोटो पण येतील, पण वेरूळला पोचेपर्यंत दुपार झालेली असेल, सासू-सासरे दमलेले असतील आणि गाईड म्हणेल चला, कैलास बघून घेऊ, पाऊण तास आहे. हे होऊ देऊ नका प्लीज. मी तर म्हणेन यादीतली अर्धी नावं कापा. हा दिवस घृष्णेश्वर आणि लेण्यांना द्या, वेळ उरलाच तर खुलताबाद, बस्स.

देवगिरी वाटेवरच लागतो म्हणून टूरवाले तो पहिला घेतात, त्यांच्या डिझेलच्या दृष्टीने बरोबरच आहे ते. पण हा किल्ला म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. कातळ तासून उभे केलेले कडे, खंदक, अंधारी नावाचा तो काळोखा भुयारी मार्ग आणि मग बारादरीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. ज्येष्ठांना तो पहिला चढवलात तर पुढचा दिवस संपला समजा. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मुलांना घेऊन जा, आजी-आजोबांना खालीच हत्ती हौद, चांद मिनार, जुन्या मंदिरांच्या खांबांवर उभ्या मशिदीतलं भारतमातेचं मंदिर एवढं निवांत बघू दे. आठवीतल्या मुलाला सांगा की यादवांची राजधानी ती हीच, 1296 ला अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तो इथेच आणि 1327 ला महंमद तुघलकाने दिल्ली सोडून राजधानी आणली ती पण इथेच. आणि सासूबाईंना सांगा की संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार होते, नाथ त्यांच्याजवळ इथेच राहिले. बघा, त्यांना तुघलकापेक्षा हे जास्त आवडेल.

मकबरा आणि पाणचक्की शहरातच आहेत, हॉटेलवरून कधीही होतात.

तर दिवस असा लावा. सातलाच निघा, वेरूळ साधारण तीस किलोमीटर आहे, सरळ घृष्णेश्वर गाठा. उशीर केलात की रांग वाढत जाते. आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलं, जवळचं शिवालय तीर्थ म्हणजे ते पायऱ्यांचं कुंडही त्यांच्याच पुण्याईने टिकलं, ते बघितल्याशिवाय निघू नका, बरेच लोक दर्शन घेऊन तसेच गाडीत बसतात. वेरूळ भोसल्यांचं गाव, शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इथले, त्यांनीही या देवळाचा जीर्णोद्धार केला होता.

मग लेणी. एकूण 34, एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन, सगळी डोंगराच्या पश्चिम कडेला दोनेक किलोमीटरमध्ये पसरलीत. एक नंबरापासून ओळीने जायच्या फंदात पडू नका. सकाळी दहा नंबर बघा, त्याला सुताराची झोपडी म्हणतात कारण छताला लाकडी वाशांसारखे वासे आहेत आणि ते सगळे दगडात कोरलेत. समोर स्तूपाला टेकून बसलेले बुद्ध. तिथे कोणी बोलत नसेल तर एक ओळ हळू आवाजात म्हणून बघा, आवाज किती वेळ घुमतो ते कळेल. बारा नंबर तीन मजली, वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत, मुलांना वर घेऊन जा, मोठ्यांनी खाली बसावं. मग शटल घेऊन जैन लेण्यांकडे, तिथलं 32 नंबरचं इंद्रसभा बघा, आंब्याखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे, तिचं काम इतकं नाजूक आहे की मला तरी ती अख्ख्या वेरूळमधली सगळ्यात सुंदर मूर्ती वाटते. मग जेवण आणि थोडी विश्रांती.

कैलास तीननंतर. लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे उतरतं ऊन समोरून आत येतं आणि सकाळी सपाट वाटणारी शिल्पं एकदम उठून दिसतात. दोन तास ठेवा. आधी सगळ्या बाजूंनी फिरून या, मागची कातळभिंत शंभर फुटांच्या वर आहे, तिथे मान वर करून उभं राहिलं की मग कळतं, हे देऊळ बांधलेलं नाहीच, एका डोंगरातून नको तो दगड वरून खाली काढत आणलंय, आधी कळस मग पाया. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. दक्षिणेकडे रावण कैलास हलवतोय तो प्रसंग आहे, वर घाबरलेली पार्वती शंकराला बिलगलीय, ते न बघता येऊ नका. रामायण-महाभारताचे शिल्पपट सासऱ्यांना दाखवा, कुठला प्रसंग कुठला ते तेच मुलांना सांगतील. आणि छताकडे बघा, रंगांचे अवशेष अजून आहेत, हे सगळं एकेकाळी रंगवलेलं होतं.

---

प्रश्न: गाईड करावा का? मागच्या वेळी एकाने अर्धा तास परग्रहवासी आणि गुप्त यंत्रं यावरच काढला.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: करा, पण पर्यटन विभागाचं ओळखपत्र असलेला करा आणि तिकीट काढायच्या आधीच पैसे, वेळ आणि भाषा ठरवून घ्या. मराठीत सांगणारा मागा, मिळतो. आणि सुरुवातीलाच म्हणा, दादा, आम्हाला छिन्नीच्या खुणा दाखवा. कैलासच्या कातळभिंतीवर त्या आजही दिसतात, आणि छोटा कैलास म्हणतात ते तीस नंबरचं लेणं अर्धवटच राहिलंय, तिथे काम कसं चालायचं ते दिसतं. परग्रहाच्या गोष्टींनी मला खरंच राग येतो, कारण ज्या माणसांनी पिढीजात हातांनी हा डोंगर कोरला त्यांचं श्रेय आपण काढून घेतो. 812 सालच्या बडोद्याच्या ताम्रपटात वर्णन आहे की हे देऊळ करणारा शिल्पीच ते बघून थक्क झाला, की मी हे केलं तरी कसं! आणि आपल्या मराठीतही गोष्ट आहे, कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत. राणीने प्रतिज्ञा केली की देवळाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने कळसापासूनच काम सुरू केलं. कथाच आहे ती, पण काम वरून खाली झालं हे लोकांनी शतकानुशतकं लक्षात ठेवलं, गाईडकडून हे ऐका.

---

प्रश्न: आईला भद्रा मारुती करायचाय, माझ्या मैत्रिणीला खुलताबादचे दर्गे बघायचेत. एकाच फेरीत जमेल? आणि घृष्णेश्वरला पुरुषांना शर्ट काढावा लागतो हे खरं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: जमेल, दोन्ही खुलताबादमध्येच आहे आणि वेरूळहून गाव अगदी जवळ. भद्रा मारुतीची मूर्ती निद्रिस्त आहे, आडवी, शनिवारी खूप गर्दी, दुसरा वार निवडा. दर्ग्यांमध्ये बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा आणि झैनुद्दीन शिराझी यांचा जरूर बघा, औरंगजेबाची साधी, वर छत नसलेली कबर झैनुद्दीनांच्याच आवारात आहे. मलिक अंबरची कबर पण याच गावात, तिकडे फार कोणी फिरकत नाही, तुम्ही जा. डोकं झाकायला ओढणी-रुमाल जवळ ठेवा, चपला बाहेर काढा, कोणी नमाज-दुआ करत असेल तर समोरून जाऊ नका.

शर्टाचं खरं आहे, गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना कमरेच्या वरचे कपडे काढावे लागतात, शर्ट, बनियन सगळं. बायका नेहमीच्या कपड्यांत जाऊ शकतात. मोबाईल आत नेता येत नाही, गाडीत ठेवून जा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून कधीही जा.