छेदात नक्की कोण? जन्म-मृत्यूच्या दरांवरची प्रश्नोत्तरे

या वेळच्या प्रश्नांत सूत्र कुणाचंच अडलेलं नाही. अडलंय ते सूत्रात खाली कोण बसतं यावर.

प्रश्न : आमच्या गावची सून बाळंतपणाला माहेरी, कागल तालुक्यात गेली. प्रसूती कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात झाली. हा जन्म कुणाच्या खाती धरायचा? (आरोग्य सेविका, राधानगरी तालुका)

ताई, नोंदणी वेगळी आणि दर वेगळा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथं घडली तिथं २१ दिवसांत कळवायची, त्यामुळे दाखला कोल्हापूर शहरातूनच निघणार. जन्मदर काढताना मात्र आई नेहमी जिथं राहते ते गाव धरतात, म्हणून हा जन्म तुमचा. जन्माच्या फॉर्मच्या सांख्यिकी भागात त्यासाठी आईच्या राहण्याच्या गावाचा वेगळा रकाना असतो. घोळ नेमका तिथं होतो. खिडकीपाशी फॉर्म भरायला उभी असते बाळंतिणीची आई, आणि ‘गाव कुठलं?’ म्हटलं की ती आपलंच गाव सांगून मोकळी होते.

याचा फटका पुढं बसतो. बाळ तीन महिन्यांचं होऊन सासरी आलं आणि दगावलं, तर मृत्यू राधानगरीच्या अंशात आणि जन्म कागलच्या छेदात. दोन्हीकडचे अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं) चुकले. एक वर गेला, दुसरा खाली. म्हणून १२ आठवड्यांच्या आत गरोदर नोंदणी करतानाच माहेरचं गाव आणि तिथल्या आशाताईचा फोन नंबर रजिस्टरात लिहून ठेवा. अपेक्षित तारीख उलटली की फोन करा, आणि प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत बाळंतिणीची खबर ठेवा. या ४२ दिवसांत गरोदरपणाशी किंवा बाळंतपणाशी निगडित कारणानं ती दगावली तर तो मातामृत्यू असतो. ती माहेरी असेल तर दोन्हीकडच्यांना वाटतं की दुसऱ्यांनी कळवलं असेल.

प्रश्न : लसीकरणाचं काम १०८ टक्के दाखवतंय. साहेब म्हणतात, आकडे कमी करून आणा. (शिरोळ तालुका)

कमी करू नका. टोचलेली लस खोडून काय मिळणार? कारखान्याचा हंगाम सुरू असेल तर फडाजवळच्या झोपड्यांतली ऊसतोड कुटुंबांची पोरं तुम्ही टोचलीत, ती अंशात आली. छेदातली अपेक्षित बालकं मात्र गावच्या लोकसंख्येवरून काढलेली. बाहेरून आलेल्यांची यादी वेगळी ठेवा, टक्केवारी फक्त गावच्या बालकांवर काढा आणि बाहेरच्यांचा आकडा खाली स्वतंत्र लिहा. हंगाम नसताना १०८ आले तर मात्र गावचं सर्वेक्षणच जुनं झालंय असं समजा.

प्रश्न : उपकेंद्राची लोकसंख्या ४,८००. गेल्या वर्षी एक अर्भकमृत्यू, यंदा दोन. बैठकीत ‘दर दुप्पट’ म्हणून बोलणी बसली. (आरोग्य सेविका, पन्हाळा तालुका)

गणित मांडून बघा. हजारी १५ जन्मदर धरला तर ४,८०० वस्तीत वर्षाला ७२ जन्म. एक मृत्यू म्हणजे १ ÷ ७२ × १००० = १३.९, दोन म्हणजे २७.८. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (निवडक गावं-वस्त्यांतली सरकारी पाहणी) २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १६ होता, देशाचा २८. म्हणजे एकाच बाळानं तुम्ही राज्याच्या सरासरीखालून उठून थेट देशाच्या सरासरीला टेकलात! एवढ्या छोट्या छेदावर दर काढूच नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर तीन ते पाच वर्षांचे जन्म-मृत्यू एकत्र करा, मग काढा.

उपकेंद्रात दर नव्हे, प्रत्येक मृत्यू वाचायचा: वय दिवसांत, जन्माचं वजन, जागा, कारण. पहिल्या सात दिवसांतला मृत्यू बहुधा अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मताना श्वास न घेणं किंवा जंतुसंसर्ग यांकडे बोट दाखवतो. २८ दिवसांनंतरचा न्यूमोनिया, अतिसार, कुपोषण यांकडे. आशाताईच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या गृहभेटींपैकी कुठली चुकली, तेही त्याच कागदावर येऊ द्या. पुढच्या बैठकीला हाच कागद न्या.

प्रश्न : बाळ बाहेर आलं, दोनदा आचके दिले आणि गेलं. नातेवाईक म्हणतात, उपजत मृत्यू (म्हणजे बाळ मेलेलंच जन्मलं) लिहा. (स्टाफ नर्स)

नाही, हा जिवंत जन्म. श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतला ठोका किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल, यांतली एक खूण दिसली तरी पुरे. नाळ कापली होती का, वार पडली होती का, याचा संबंध नाही. नोंदी दोन होतात, एक जन्माची आणि एक मृत्यूची. कुटुंबाला त्या क्षणी दोन कागद म्हणजे क्रूरपणा वाटतो, हे खरं. पण उपजत लिहिलं की ते बाळ अर्भक मृत्युदराच्या अंशातून आणि छेदातूनही गायब होतं.

अशी लपवालपवी पकडायला परिजन्म मृत्युदर उपयोगी. त्यात २८ आठवड्यांनंतरचे उपजत मृत्यू आणि पहिल्या सात दिवसांतले मृत्यू एकत्र मोजतात, त्यामुळे इकडचं तिकडं केलं तरी बेरीज तीच राहते. एखाद्या ठिकाणी उपजत मृत्यू भरपूर आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू शून्य दिसले, तर लेबर रूमचं रजिस्टर मागवा.

प्रश्न : आमच्या गावात १,९०० लोकांत वर्षात २१ मृत्यू. दर ११ आला, राज्याच्या दुप्पट. साथ समजायची का? (आजरा तालुका)

आधी गावात राहिलंय कोण ते बघा. तरणी पोरं मुंबई-पुण्याला, घरात म्हातारी माणसं. स्थूल मृत्युदराला, म्हणजे हजार लोकांमागच्या एकूण मृत्यूंना, वय दिसत नाही, म्हणून तर केरळचा स्थूल मृत्युदर बिहारपेक्षा जास्त भरतो आणि अर्भक मृत्युदर कितीतरी कमी.

गाव लहान असल्यानं अप्रत्यक्ष प्रमाणीकरण करा. वयोगट पाडा, राज्याचा त्या-त्या वयोगटाचा मृत्युदर गावातल्या त्या गटाच्या माणसांना लावा आणि बेरीज घ्या. हे झाले अपेक्षित मृत्यू. प्रत्यक्ष मृत्यूंना अपेक्षितांनी भागून १०० नं गुणा. समजा अपेक्षित २० निघाले, तर २१ ÷ २० × १०० = १०५, काळजीचं काही नाही. १८०च्या घरात गेलं, तर मृत्यूंची कारणं आणि महिने मांडून बघा. आणि हो, मुंबईत वारलेल्यांना गावी आणून माती दिली असेल आणि ते तिथंच राहत असतील, तर ते या २१ मध्ये धरू नका.